गप्प बसा म्हणणारा कोण?

थेटरात दिवे विझले की पडद्यावर पाटी येते. शांतता राखा. आता त्याच्या जोडीला मोबाईल बंद ठेवा असंही येतं. ही पाटी पहिल्यांदा कुणी लावली, कुणासाठी लावली, हे आपण विचारत नाही. पाटी आहे म्हणजे ती पहिल्यापासूनच असणार, असं आपण धरून चालतो. या देशात पाट्यांच्या बाबतीत असं धरून चालणं आपल्याला फार महाग पडलेलं आहे.

आपल्या मंडळांमधून यावर दोन प्रकारची बोलणी ऐकू येतात. शिकूनसवरून नोकरीला लागलेला म्हणतो, सिनेमात शिट्ट्या मारणं, बडबड करणं हे अडाणीपणाचं लक्षण, ते आपण सोडलं पाहिजे, लोक नावं ठेवतात. दुसरा म्हणतो, अरे हट्, शिट्टी हेच आपलं बंड आहे, गप्प बसणं ही पांढरपेशांची रीत. दोघंही मला पटत नाहीत. दोघंही इतिहासाला वळसा घालून बोलतात. म्हणून हा लेख.

पहिला प्रश्न, या मुलखात बघ्यांसाठी, ऐकणाऱ्यांसाठी सगळ्यात जुना कायदा कोणता? तो 'बोलू नका' असा नव्हताच मुळी. तो 'ऐकू नका' असा होता. गौतम धर्मसूत्रात सरळ लिहून ठेवलं आहे, शूद्रानं वेद ऐकला तर त्याच्या कानात कथील नाहीतर लाख वितळवून ओतावी, उच्चारला तर जीभ कापावी. म्हणजे श्रोता कोण व्हायचं हेच आधी ठरलेलं. शांत बसायचा प्रश्न पुढचा. आधी आत यायचा प्रश्न.

मग नाटक आलं. भरताच्या नाट्यशास्त्रात एक कथा आहे. शूद्रांना वेद ऐकता येत नाही, म्हणून सगळ्या वर्णांसाठी ब्रह्मदेवानं पाचवा वेद केला, तो म्हणजे नाट्य. ऐकायला बरं वाटतं. पण त्याच ग्रंथात दुसऱ्या अध्यायात नाट्यगृह बांधायची रीत सांगितली आहे, तिथं चार खांब आहेत. ब्राह्मणाचा खांब, क्षत्रियाचा, वैश्याचा, शूद्राचा. प्रत्येकाचा रंग वेगळा. कुणी कुठं बसायचं ते या खांबांवरून ठरत असे, असं अभ्यासक सांगतात. पाचवा वेद सगळ्यांचा, पण पाचवा खांब नाही! चार वर्णांच्या बाहेरच्या माणसानं कुठल्या खांबाला टेकायचं, याबद्दल ग्रंथ मुका आहे.

आता याच ग्रंथातली एक गंमत बघा. प्रयोग रंगला हे कशावरून ओळखायचं, याचा हिशेब भरतानं सत्ताविसाव्या अध्यायात दिला आहे. यशाचे प्रकार दोन. मानुषी आणि दैविकी. मानुषी सिद्धी कशी दिसते? बघे हसतात, मोठ्यानं हसतात, 'साधु' म्हणतात, 'अहो' म्हणतात, दुःखाच्या जागी 'कष्टम्' म्हणतात, एकदम गलका करतात. अंगावर काटा येतो, जागेवरून उठतात, अंगावरचं वस्त्र नाहीतर बोटातली अंगठी काढून देतात. आणि दैविकी सिद्धी? नाट्यगृह गच्च भरलेलं आहे, पण आवाज नाही, गडबड नाही. म्हणजे हा प्राचीन ग्रंथच सांगतो की बोलणं ही माणसाची दाद आणि शांतता ही देवाची. बोलणाऱ्या बघ्याला त्यानं असंस्कृत म्हटलेलं नाही. यशाच्या वहीत त्याच्या नावावर जमा मांडलेली आहे. जे लोक उठल्याबसल्या संस्कृतीचं नाव घेऊन पिटातल्या माणसाला गप्प करतात, त्यांनी आपली पोथी तरी नीट वाचावी.

बरं, 'साहेबाच्या देशात बघा लोक कसे शिस्तीत बसतात' असं म्हणणारेही आहेत. साहेबाच्या देशात काय झालं ते ऐका. लंडनचं कॉव्हेंट गार्डन थिएटर १८०८ साली जळालं. नवं बांधून १८०९ च्या सप्टेंबरात उघडलं तेव्हा तिकिटं वाढवलेली. पिटाचा दर साडेतीन शिलिंगांवरून चार शिलिंग केला. शिवाय बड्या लोकांसाठी खाजगी बॉक्स वाढवले. लोक खवळले. पिटातली माणसं रोज रात्री थिएटरात यायची आणि नाटक ऐकूच द्यायची नाहीत. घंटा, भोंगे, आरोळ्या, फलक, नाच. एक दोन नाही, सदुसष्ट रात्री हे चाललं. शेवटी मालकानं हात टेकले. पिटाचा दर परत साडेतीन शिलिंग झाला. मॅनेजर केंबल याला माफी मागावी लागली. इतिहासात याला 'जुन्या दरांचा दंगा' म्हणतात. तिथं गोंगाट हे अडाणीपणाचं लक्षण नव्हतं, संपाचं हत्यार होतं.

युरोपातल्या थिएटरात त्या काळात दिवे चालूच असत. लोक एकमेकांना बघत, गप्पा मारत, खात पीत. वाग्नरनं १८७६ साली बायरॉइटला स्वतःचं नाटकघर उघडलं आणि तिथं प्रेक्षागृहात काळोख केला. सगळ्यांनी फक्त रंगमंचाकडे बघायचं. काळोख आणि शांतता यांची ही जोडी नंतर सगळीकडे पसरत गेली. म्हणजे ज्याला आपण सनातन शिस्त समजतो तिचं वय दीडशे वर्षांच्या आसपास आहे. माझ्या पणज्याच्या पिढीतली गोष्ट!

आता सिनेमाकडे येऊ. ७ जुलै १८९६ ला मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्यूमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली. तिकीट एक रुपया. त्या काळचा एक रुपया म्हणजे राबणाऱ्या माणसाच्या आवाक्याबाहेरची गोष्ट. थोड्याच दिवसांत हेच खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले आणि तिथं चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत दर ठेवले. पडद्यातल्या बायकांसाठी वेगळे बॉक्स ठेवले. नीट बघा, सिनेमा या देशात येऊन महिनासुद्धा झाला नव्हता, तोवर वरचा वर्ग आणि खालचा वर्ग, बाई आणि बुवा, यांच्या जागा ठरून गेल्या.

पण एक फरक पडला, तो लहान नाही. इथं खांब जातीचा नव्हता, पैशाचा होता. श्रीलंकेतले तमिळ अभ्यासक का. शिवत्तंबी यांनी १९८१ साली हे फार नेमकं मांडलं आहे. त्यांचं म्हणणं असं की तमिळ समाजातले सगळे लोक एका छपराखाली पहिल्यांदा बसले ते सिनेमाच्या थेटरात, आणि तिथं जागा ठरली ती जन्मावरून नाही, खिशावरून. ही समता नव्हे, हे मलाही कळतं. पैसा आणि जात या मुलखात हातात हात घालून चालतात. पण चार आणे उसने मिळतात, जात उसनी मिळत नाही. देवळाच्या पायरीशी अडवला जाणारा माणूस तिकिटाच्या खिडकीशी चार आणे ठेवून आत जाऊ शकत होता, हा फरक ज्याच्या वाट्याला आला त्यालाच कळेल.

आत जाऊन तो काय करत होता? बोलत होता. पडदाच मुका होता ना! दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला गिरगावात कोरोनेशन थिएटरात लागला, तेव्हापासून १९३१ पर्यंत इथला सिनेमा बिनआवाजाचा. मधूनमधून लिहिलेल्या पाट्या यायच्या. त्या वाचायच्या कुणी? १९३१ च्या शिरगणतीत देशात शंभरात दहासुद्धा माणसं लिहिता वाचता येणारी नव्हती. मग ज्याला अक्षर येई तो मोठ्यानं वाची आणि आजूबाजूचे ऐकत. त्या काळी सिनेमात मोठ्यानं बोलणं हा शेजारधर्म होता. गप्प बसणारा वाचक हाच खरा उद्धट.

त्याच काळात, ३१ जानेवारी १९२० ला, बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढलं. तेही असंच चालायचं. एक शिकलेला पोरगा वाचायचा आणि वस्ती गोळा होऊन ऐकायची. एकानं वाचावं, दहांनी ऐकावं, मध्येच कुणी विचारावं 'म्हंजी काय रं?' आणि वाचणाऱ्यानं थांबून सांगावं. आमच्या म्हाताऱ्या माणसांचं शिक्षण असं झालं आहे. ही माणसं थेटरात गेल्यावर शेजाऱ्याला गोष्ट समजावून सांगणार नाहीत तर काय करतील?

जपानात तर यासाठी पगारी माणूस असे. त्याला बेन्शी म्हणत. पडद्याशेजारी उभा राहून तो सगळी गोष्ट बोलून दाखवी. लोक नटासाठी नाही, बेन्शीसाठी तिकीट काढत. बोलपट आला आणि त्यांची पोटं गेली. त्यांनी संप केले, पण यंत्रापुढं टिकाव लागला नाही. अकिरा कुरोसावाचा थोरला भाऊ हेइगो हा बेन्शी होता. १९३३ साली त्यानं आत्महत्या केली.

१४ मार्च १९३१ ला गिरगावात मॅजेस्टिकला 'आलमआरा' लागला. पडद्याला वाचा फुटली आणि शेजाऱ्याचं बोलणं पहिल्यांदाच अडचणीचं झालं. हे मी प्रामाणिकपणे मांडतो. शांततेच्या पाटीमागं सगळी वरच्यांची लबाडीच आहे असं नाही. संवाद ऐकू यायला हवा, ही गरज पिटातल्या माणसाचीही होती. चार आणे त्यानंही मोजले होते.

पण गोंगाट कुणाचा आणि दाद कुणाची, हे ठरवताना माप दोन ठेवली. संगीत नाटकात बालगंधर्वांच्या पदाला 'वन्स मोअर' घेऊन घेऊन प्रयोग रात्रभर लांबायचे. ओरडणारे कोण? रेशमी काठाचे, पगडी टोपीचे लोक. त्यांचं ते ओरडणं म्हणजे रसिकता! गाण्याच्या बैठकीत 'वाहवा', 'क्या बात है' म्हणून मांडीवर थाप मारली की तो जाणकार. आणि गिरणीत पाळी करून आलेला माणूस आवडत्या जागेला 'अरे वा रं पठ्ठ्या' म्हणाला की तो मवाली. आवाज तोच, वेळ तीच. फरक फक्त अंगावरच्या कापडाचा.

अमेरिकेतही हेच. १९०५ साली पिट्सबर्गमध्ये पाच सेंटांचं थेटर निघालं आणि बघता बघता देशभर तसली थेटरं झाली. परदेशातून आलेले मजूर, त्यांच्या बायका, तान्ही पोरं, सगळी तिथं जमत. गप्पा मारत, गाणी म्हणत, दाद देत. मग मालकांना वरच्या वर्गाचं गिऱ्हाईक हवंसं झालं. त्यांनी महालासारखी थेटरं बांधली, गणवेशातले पोरगे दाराशी उभे केले, 'बायकांनी टोप्या काढाव्यात', 'मोठ्यानं बोलू नये' अशा पाट्या पडद्यावर लावल्या. तरी कुणीही केव्हाही आत यावं, अर्ध्यातून सिनेमा बघावा, ही रीत पुष्कळ वर्षं चालू होती. १९६० साली हिचकॉकनं 'सायको'ला, सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही, असा नियम करायला लावला तेव्हा तो बातमीचा विषय झाला. म्हणजे वेळेवर येणं हासुद्धा जाहिरातीतून आलेला संस्कार.

आणि काळा माणूस? दक्षिणेकडच्या थेटरात त्याला वेगळं दार, बाजूचा जिना, वरची बाल्कनी. तो गप्प बसला काय नि बोलला काय, खाली बसायचं नाही. ज्या काळ्या पॅंथरांवरून १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी नाव घेतलं, त्यांचे आईबाप या जिन्यानं चढलेले आहेत. तिकडे कॅनडात व्हायोला डेस्मंड नावाची बाई होती. स्वतःचा केसांच्या निगराणीचा धंदा करणारी, स्वतःच्या पायावर उभी. ८ नोव्हेंबर १९४६ ला न्यू ग्लासगो गावात तिनं रोझलँड थिएटरात खालचं तिकीट मागितलं. वरचं दिलं. तिला लांबचं नीट दिसत नव्हतं. ती खाली जाऊन बसली, फरकाचे पैसे देते म्हणाली. पोलिसांनी उचलून बाहेर ओढली, रात्रभर कोठडीत ठेवली. आणि खटला कसला भरला? खालच्या नि वरच्या तिकिटाच्या करमणूक करात एका सेंटाचा फरक होता, तो बुडवला म्हणून! वीस डॉलर दंड आणि सहा डॉलर खर्च. रंगाचा शब्द कुठं नाही. ती १९६५ ला वारली. सरकारनं २०१० साली माफी दिली आणि २०१८ साली तिचं चित्र दहा डॉलरच्या नोटेवर छापलं. ती बाई थेटरात एक शब्द मोठ्यानं बोलली नव्हती. शांतपणे सिनेमा बघत होती. शिस्तीत बसल्यानं माणसाला मान मिळतो असं सांगणाऱ्या आपल्या शिकलेल्या मित्रांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

आपल्याकडे संविधानात कलम पंधरा आहे. त्याचा दुसरा भाग वाचा. दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं आणि सार्वजनिक करमणुकीची ठिकाणं यांत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून कुणाला अडवता येणार नाही. लगेच खाली विहिरी, तळी, घाट, रस्ते. पाणवठा आणि थेटर एकाच कलमात शेजारी शेजारी! चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलेल्या माणसाच्या देखरेखीखाली हा मसुदा झाला. माणसाला पाणी लागतं तशी करमणूकही लागते, हे त्यात धरलेलं आहे. १९५५ च्या अस्पृश्यता कायद्यानं हे अडवणं गुन्हा ठरवलं.

आता दुसऱ्या मित्राकडे वळतो. शिट्टी म्हणजे बंड म्हणणाऱ्याकडे.

पडद्यावर बाई नाचू लागली की पिटातून चिल्लर उडायची. ही रीत कुठली? तमाशातली दौलतजादा. पैसा उधळणारा कोण असे? इनामदार, पाटील, सावकार. आणि फडावर नाचणारी कोण? महाराची, मांगाची, कोल्हाट्याची लेक. मग दिवसभर हमाली करून आलेला आपला माणूस दोन आणे पडद्यावर फेकतो तेव्हा तो इनामदाराच्या विरुद्ध बंड करतो की दोन मिनिटं इनामदार होऊन बघतो? मला याचं उत्तर गोड वाटत नाही, पण ते टाळता येत नाही. मालकाची सवय गरिबानं उचलली म्हणून ती गरिबाची होत नाही.

आणि बायका? आमच्या वस्तीतल्या बायका पिक्चरला जात त्या घोळक्यानं, दुपारच्या खेळाला. रात्रीच्या खेळाला नाही. काळोखात कुणाचा हात कुठं येईल, शिट्टी पडद्याला आहे की आपल्याला, कळायचं नाही. माझी मावशी म्हणायची, "पिच्चर बघावा का मागचं मेलं बघावं?" पिटाच्या गोंगाटानं जर निम्मी वस्ती घरी बसत असेल तर त्या गोंगाटाला लोकांचा आवाज कसं म्हणायचं? तो फक्त बाप्यांचा आवाज झाला. ज्या बोलण्यानं दुसऱ्याचं तोंड बंद होतं ते बोलणं आपलं नव्हे.

जबरदस्तीचं एक दुसरं तोंडही अलीकडे बघायला मिळालं. २०१६ च्या ऑक्टोबरात पणजीच्या एका थेटरात राष्ट्रगीताला उभा राहिला नाही म्हणून चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला मारलं. त्याला उभंच राहता येत नव्हतं. पुढच्याच महिन्यात, ३० नोव्हेंबरला, सुप्रीम कोर्टानं प्रत्येक खेळाआधी राष्ट्रगीत सक्तीचं केलं आणि ९ जानेवारी २०१८ ला तीच सक्ती मागे घेतली. शिस्त शिकवायला शेजारचाच माणूस हात उचलतो तेव्हा ती शिस्त उरत नाही, दादागिरी होते.

शेवटची गोष्ट 'सैराट'ची. २०१६ साली नागराज मंजुळेंचा हा सिनेमा लागला. गावोगाव थेटरात पोरं उठून नाचली. गाण्याला नाचली, शिट्ट्या झाल्या. नाट्यशास्त्रातली मानुषी सिद्धी, सगळी जशीच्या तशी. आणि शेवट आला. पोरगं येतं, रक्तात भरलेली पावलं उमटवत जातं. पडद्यावरचा आवाजच काढून टाकलेला. मघाशी नाचणारी तीच पोरं, तेच थेटर, चिडीचूप. कुणी पाटी लावली नव्हती, कुणी दटावलं नव्हतं. दैविकी म्हणा हवं तर. मी म्हणेन, तीही माणसाचीच. कारण त्या शांततेत प्रत्येकाला आपल्या गावातलं एखादं घर आठवत होतं.

मित्रांनो, यातून मला जे कळलं ते असं. शांतता ही कुणाच्या बापाची इस्टेट नाही आणि गोंगाटही नाही. तुम्हाला कुणी 'गप्प बसा' म्हटलं तर आधी बघा, म्हणणारा कोण आहे. मागच्या रांगेतली दमून आलेली बाई म्हणत असेल, "दादा, ऐकू द्या की," तर लगेच गप्प बसा. तिनं आपल्याइतकेच पैसे मोजलेत, बहुतेक आपल्यापेक्षा जास्त कष्टानं. तिच्या डोळ्यांपुढं मोबाईलचा उजेड पाडू नका. पण म्हातारीला गोष्ट समजत नसेल, पोराला पाटी वाचता येत नसेल, तर तिच्या कानाशी लागून जरूर सांगा. ते आपल्या आज्यापणज्यांचं वाचनालय आहे, त्याची लाज धरू नका. आणि कुणी कपडे बघून, बोलीवरून, आडनाव ओळखून 'ही असली माणसं कशाला आत सोडतात' असं पुटपुटलं, तर मात्र गप्प बसू नका. पिक्चर राहिला तरी चालेल. तिथं दिवे लावायला लावा आणि मोठ्यानं बोला.